हा विचार नक्की कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतल्या एका विद्यापीठात सेमिनार होता. विषय माझ्या संशोधनाच्या अगदी जवळचा, शहरात येणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा. तासभराच्या मांडणीत जातीचा उल्लेख एकदाही आला नाही. हे मला खटकलं आणि मी वहीत प्रश्न लिहिला. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजी वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं. तेवढ्यात दोन रांगा पुढं बसलेल्या एका मुलानं तोच प्रश्न विचारला. अडखळत, अर्धवट, मध्येच हसत. बोलणाऱ्या प्राध्यापक म्हणाल्या, "फार महत्त्वाचा प्रश्न आहे."

रात्री खोलीवर आल्यावर मी एक काम केलं. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात जे जे येऊन गेलं होतं, ते आठवून लिहून काढलं. 'व्याकरण चुकेल.' 'उच्चारावर हसतील.' 'प्रश्न बाळबोध असेल.' 'चांगला असता तर आतापर्यंत कुणीतरी विचारला असता.' आणि पाचवं वाक्य, 'मी इथं कशी आले ते सगळ्यांना कळेल.'

पाचव्या वाक्यापाशी पेन थांबलं. मी इथं प्रवेश परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, संविधानानं दिलेल्या हक्कानं आले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? तरी ते वाक्य माझ्याच आवाजात डोक्यात वाजत होतं. हे मी कधी शिकले? कुणी शिकवलं?

मी हिंगोली जिल्ह्यातली, वसमतजवळच्या एका गावातली. वडील सालगडी होते, माय अंगणवाडीत मदतनीस आहे. घरात पदवी घेणारी मी पहिली. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांना ती पाच वाक्यं ओळखीची वाटतील. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

आपल्यासारख्यांना या दुखण्यावर एक औषध नेहमी सुचवलं जातं. विचार बदला, आयुष्य बदलेल. दिल्लीत मुखर्जी नगरच्या भिंतींवर ते मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्याकडं एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर ते मिळतं. २००६ मध्ये आलेलं 'द सिक्रेट' भारतीय भाषांमध्येही धडाक्यात खपलं. त्याचं सांगणं असं, की तुम्ही जसा विचार कराल तसं जग तुमच्याकडं ओढलं जातं. गरीब आहात कारण गरिबीचाच विचार करता. आता हेच मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत ऐकायला मिळतं. पहिल्या पिढीतला पदवीधर याचा हक्काचा गिऱ्हाईक आहे, कारण त्याच्याकडं ओळख नसते, जमीन नसते, इंग्रजी नसते. स्वतःचं डोकं तेवढं असतं. मग तेच दुरुस्त करायला तो बसतो.

या सांगण्यात अर्धं खरं आहे, आणि पंचाईत तीच आहे. पूर्ण खोटं असतं तर आपण ते कधीच फेकून दिलं असतं.

अर्धं खरं कसं, ते एका प्रयोगातून नीट कळतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी तो उत्तर प्रदेशातल्या गावांत केला आणि २००४ मध्ये जागतिक बँकेच्या शोधनिबंधात मांडला. सहावी-सातवीच्या वयाची ६४२ मुलं होती, निम्मी 'वरच्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींतली आणि निम्मी 'खालच्या'. त्यांना कागदावरचे भूलभुलय्ये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जेव्हा कुणाची जात सांगितली गेली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक पडला नाही. मग दुसऱ्या गटांत, खेळ सुरू होण्याआधी, प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली. आता दलित मुलं मागं पडली, आणि फरक मोठा होता. कागद तसेच, वय तेच, वेळ तेवढाच. खोलीत एक शब्द उच्चारला गेला आणि हात थांबले.

व्याख्यान देणारा इथवर आला की टाळ्या घेतो. बघा, सगळा खेळ मनाचा आहे! पण प्रयोग इथं संपत नाही, आणि पुढचा भाग कुणी सांगत नाही. संशोधकांनी आणखी एक बदल केला. जात तशीच जाहीर केली, पण बक्षिसाचा निर्णय माणसाच्या हातात न ठेवता चिठ्ठीवर सोपवला. म्हणजे कुणाला पैसे मिळणार हे सोडतीनं ठरणार. आणि तो फरक नाहीसा झाला.

यावर थोडं थांबू या. मुलांच्या मनात न्यूनगंडच असता तर सोडतीनं तो गेला नसता. त्यांच्या मनात एक हिशोब होता. जात कळल्यावर समोरचा माणूस आपल्याला न्याय देणार नाही, मग कशाला डोकं चालवायचं? निर्णय माणसाच्या हातून निघून चिठ्ठीकडं गेला, हिशोब बदलला आणि हात पुन्हा चालू लागले. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरांनी हा हिशोब हवेतून काढलेला नव्हता. शाळेत, पाणवठ्यावर, दुकानात त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून तो मांडला होता. म्हणजे विचारानं त्यांचं वास्तव घडवलं हे खरं. पण तो विचार आधी वास्तवानं घडवला होता. 'विचार बदला' म्हणणारा पहिलं वाक्य सांगतो आणि दुसरं गिळतो.

त्या सेमिनारनंतर मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लागले. डावीकडं काय घडलं ते. उजवीकडं तेव्हा मला काय वाटलं ते. काही आठवड्यांनी पानं वाचताना लक्षात आलं, की उजव्या बाजूला दोन जातींचे विचार आहेत. इथंही जात सुटली नाही!

एक प्रकार पूर्णपणे खरा निघाला. गेल्या वर्षी मी खोली शोधत होते. मुनीरकात, कटवारिया सरायमध्ये, मग भाडं परवडेना म्हणून नोएडाकडं. फोनवर सगळं जुळायचं. मग पलीकडून विचारलं जायचं, "पूरा नाम क्या है आपका?" आडनाव सांगितलं की क्षणभर शांतता. त्यांना आमचं मराठी आडनाव पटकन ओळखता यायचं नाही, म्हणून पुढचा प्रश्न यायचा, "मतलब, आप लोग क्या होते हो?" एका घरमालकानं माझ्या खोलीवरच्या फोटोबद्दल विचारलं. व्हिडिओ कॉलवर मागं बाबासाहेब दिसत होते. दुसऱ्या दिवशी खोली 'भाड्यानं गेली होती'. महिनाभर जाहिरात मात्र तशीच राहिली.

त्या महिन्यात प्रत्येक फोनआधी पोटात गोळा यायचा. वहीत मी लिहिलं, 'आडनाव विचारतील.' हे लिहिताना स्वतःला रागावलेही, की तू उगाच सगळीकडं जात बघतेस. मग सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास हाती आला. २०१२ मध्ये त्यांनी दिल्ली, गुडगाव, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबाद इथं भाड्याच्या घरांची चाचणी घेतली. विचारणा सारखीच, फक्त नावं वेगवेगळ्या समाजांची. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय नावांना जवळपास सगळीकडं होकार होता. दलितांना नकार, जादा भाडं किंवा जादा अटी. मुसलमानांची अवस्था त्याहूनही वाईट. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेल्या या अर्थतज्ज्ञांनी माझ्या पोटातल्या गोळ्याला आकड्यांचा आधार दिला. मी 'निगेटिव्ह' विचार करत नव्हते. मी बरोबर अंदाज बांधत होते.

हे कळल्याचा फायदा काय झाला? खोली लगेच मिळाली नाही. पण फोन ठेवल्यावर 'मीच काहीतरी चुकीचं बोलले असेन' हे रात्रभर उगाळणं थांबलं. तो वेळ आणि तेवढी शक्ती वाचली. आमच्यातल्या एका सीनियर ताईनं ओळखीतून घर मिळवून दिलं, आणि आता नव्यानं येणाऱ्यांसाठी आम्ही अशा घरांची यादी ठेवतो. यादी ठेवायची गरज आहे, हे आधी मान्य करावं लागलं. त्यासाठी तो विचार खरा आहे हेही मान्य करावं लागलं.

दुसरा प्रकार वेगळा. 'माझा प्रश्न बाळबोध असेल' हा त्यातला. डाव्या बाजूला त्याला पुरावाच सापडत नव्हता. माझाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून 'महत्त्वाचा' ठरला होता. मग हा विचार आला कुठून? मागं जात राहिले. एम.ए.ला असताना माझा निबंध वाचून एका शिक्षकांनी विचारलं होतं, "हे तूच लिहिलंस?" सातवीत वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचताना आमची नावं वेगळी वाचली जायची आणि मागून कुजबूज यायची, "यांचं काय, फुकटचं." हे विचार मी निर्माण केले नव्हते, मी ते साठवले होते. दुसऱ्याचं सामान आपल्या घरात इतकी वर्षं पडून राहिलं, की आपलंच वाटायला लागतं.

सुट्टीत घरी गेल्यावर हे मायला सांगायचा प्रयत्न केला. वही, रेघ, सेमिनार. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यायला काय वाटंल ह्याचा इचार तूच कामून करायलीस? त्यायचं त्यायला करू दे की." माझ्या समाजशास्त्राच्या पाच वर्षांत इतक्या थोडक्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या इतिहासात या दोन प्रकारांचा सगळ्यात स्पष्ट धडा महाडला आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आपलं झालं. तरी तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणी ते पाणी प्यायलं नाही. पिढ्यानपिढ्या मनावर घातलेला बांध होता, आणि त्या बांधापलीकडं खरीखुरी काठीही होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. मनातला बांध त्या दिवशी फुटला. पण त्याच दिवशी लोक वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. पुढं तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागं घेतला, आणि कोर्टातली लढाई १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं संपली. मन मोकळं व्हायला एक दिवस लागला, वास्तव मोकळं व्हायला दहा वर्षं.

म्हणून मला दोन्ही बाजूंचं अर्धवट बोलणं पटत नाही. 'सगळं मनात आहे' म्हणणारे काठी विसरतात. 'सगळं व्यवस्थेत आहे, मनाचं काय घेऊन बसलात' म्हणणारे ती तीन वर्षं विसरतात, जेव्हा ठराव होता आणि ओंजळ पुढं झाली नव्हती. बाबासाहेब दोन्ही जाणत होते. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असं १९३६ मध्ये त्यांनी मांडलं. पण ही अवस्था कुणाच्या मनाची? आपल्याला ती पोसायला लावणाऱ्या धर्मकल्पनेकडं त्यांनी बोट दाखवलं होतं. उपदेश त्यांनी फक्त पीडितांना केला नव्हता.

सिव्हिल लाइन्समधल्या २६ अलीपूर रोडला मी अधूनमधून जाते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ती ही जागा, आता तिथं उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे. शेवटच्या दिवसांत ते इथंच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'वर काम करत होते. त्या ग्रंथात त्यांनी बुद्धविचाराच्या केंद्रस्थानी मन ठेवलं आहे. चांगलं-वाईट सगळं मनापासून सुरू होतं, म्हणून मनावर लक्ष ठेवा. पण त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा त्यांनी नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, हे त्यांच्या बुद्धीला पटलं नाही. त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद. मन मध्यभागी, आणि त्याच्या समोर पाण्याचं भांडण. महाडचा माणूसच असं लिहू शकतो.

आपल्या चळवळीत विपश्यनेवरून जुना वाद आहे. काही जण म्हणतात, दहा दिवस डोळे मिटून बसल्यानं जात जात नाही. काही म्हणतात, त्यामुळं राग आवरला, दारू सुटली, घर सावरलं. माझ्या घरात दुसऱ्या गटाचे एक काका आहेत आणि त्यांचं म्हणणं मी खोटं मानत नाही. माझी अट इतकीच, की डोळे मिटून जे दिसलं ते डोळे उघडून तपासता आलं पाहिजे. विचार येतो आणि जातो, हे पाहणं चांगलं. तो कुणाच्या घरातून आला, हेही पाहायला हवं.

याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे, आत्मभान. बाजार आपल्याला आत्मविश्वास विकतो, आणि दलित साहित्यानं आपल्याला आत्मभान दिलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. त्यात शिकलेला, नोकरीतला दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसून बोलतात. स्वतःच्या विचारांकडं थोडं लांबून बघणं म्हणजे काय, ते त्या पुस्तकानं मराठीला दाखवलं. आणि त्यानंतर कितीतरी जणांनी लिहायला घेतलं, कारण एकाचं आत्मभान छापून आलं की ते शंभरांचं होतं.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्यासाठी नाही. स्वतःच्या विचारांवर नजर ठेवायचं काम नेहमी आपल्याच वाट्याला का येतं? तेव्हा दिल्ली विद्यापीठात असलेले समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ मधल्या एका लेखात दाखवलं, की 'जनरल कॅटेगरी'तल्या माणसाला आपण जातविरहित आहोत असं वाटू शकतं, कारण जातीचे फायदे त्याच्याकडं शिक्षण, मालमत्ता आणि गुणवत्ता अशा रूपात आधीच जमा झालेले असतात. त्याला वही काढून मधोमध रेघ मारावी लागत नाही. पण माझं वास्तव माझ्या विचारांनी जेवढं घडतं, त्याहून जास्त त्याच्या न तपासलेल्या विचारांनी घडतं. खोली देणारा तो, निबंधावर शंका घेणारा तो, मुलाखतीत गुण देणारा तो. विचारांची जाणीव हा खरंच इतका मोठा गुण असेल, तर त्याचे वर्ग आधी तिथं घ्यायला हवेत.

रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी गेल्यानंतर किती जणांनी 'मुलांनी मनानं खंबीर व्हावं' असं लिहिलं, आठवून बघा. त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी मन खंबीर करण्याचे वर्ग मागितले नाहीत. विद्यापीठांमध्ये जातीभेद रोखणारी यंत्रणा मागितली. मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यायची असते, ते या दोघींकडून शिकावं. मन सांभाळायला हवंच. ज्यांना आत्ता फार जड जातंय, त्यांनी एकटं राहू नये, मित्राशी, घरच्यांशी, समुपदेशकाशी बोलावं, यात कमीपणा काहीच नाही. फक्त समुपदेशकाकडं जाणं म्हणजे तक्रार मागं घेणं नव्हे.

आमच्या गटात आता रविवारी संध्याकाळी सहा-सात जण एकत्र बसतो. नांदेड, गडचिरोली, बिहार, तेलंगणा असे कुठून कुठून आलेले. प्रत्येकानं आठवड्यातला एक प्रसंग आणि तेव्हा आलेला एक विचार सांगायचा. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हा विचार बाहेरच्या वस्तुस्थितीची बातमी आहे की जुनं साठलेलं सामान? बातमी असेल तर काय करायचं ते ठरतं. कुणाला अर्ज लिहून द्यायचा, कुणासोबत जायचं, घरांच्या यादीत काय जोडायचं. सामान असेल तर बहुतेक वेळा हसू येतं, कारण तेच वाक्य, त्याच शब्दांत, सातही जणांच्या डोक्यात असतं. गडचिरोलीच्या आणि बिहारच्या पोराला एकच 'खासगी' न्यूनगंड कसा काय होतो? एकट्यानं वही लिहिताना हे मला कळलं नव्हतं. सात वह्या शेजारी ठेवल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात पुन्हा एक सेमिनार झाला. मी हात वर केला. आवाज थरथरला आणि एका शब्दाचा उच्चार चुकला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मान वळवून पाहिलंही. उत्तर फारसं समाधानकारक मिळालं नाही. खोलीवर येऊन वही उघडली. डावीकडं लिहिलं, 'प्रश्न विचारला.' उजवीकडं लिहायला बराच वेळ काही सुचलं नाही, मग मायचं वाक्य लिहून ठेवलं.

जय भीम.